वार पडेपर्यंत

साठीच्या आसपास मी बाळंत व्हायला लागले. एकदा नाही, अनेकदा. कधीकधी तर सकाळी एकदा आणि जेवण झाल्यावर पुन्हा. संध्याकाळी घरी आले की नवरा चहाचा कप पुढे करत विचारायचा, आज काय, मुलगा की मुलगी? मी म्हणायचे, प्लास्टिक. हा विनोद आमच्या घरात इतका चालला की तो शिळा झाला, तरी दोघांपैकी कोणालाही तो टाकून देववेना.

त्याचं असं झालं. माझी सगळी नोकरी दिल्लीत एका सरकारी खात्यात गेली. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून बाडबिस्तरा हलवून आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत आलो तेव्हा मी नुकतीच रिटायर झाले होते आणि दिवस कसा काढायचा हे मला माहीत नव्हतं. आमच्याच मजल्यावर एक मराठी डॉक्टरीण राहते. बायकांची बाळंतपणं करण्यात तिचा जन्म गेला. नोकरी संपल्यावर ती नर्सेसना आणि नव्या डॉक्टरांना शिकवायला लागली: बाळंतपणात अचानक काही बिघडलं, रक्त थांबेना, बाळ अडकलं, तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं. हे ती पुस्तकातून शिकवत नाही, नाटकातून शिकवते. खोटी लेबर रूम मांडायची, खोटी बाळंतीण झोपवायची, तिला खोटा रक्तस्राव सुरू करून द्यायचा आणि खऱ्या नर्सेसनी तिला वाचवायचं.

बाळंतिणीच्या कामाला आधी ती नर्सिंगच्या पोरी घ्यायची. त्या ऐन कळांमध्ये फिदीफिदी हसायच्या. आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात मला दरवर्षी कजाग सासूचं काम मिळतं, आणि ते मला शोभतं असं लोक तोंडावर सांगतात. डॉक्टरणीनं ते पाहिलं असावं. एक दिवस लिफ्टमध्ये तिनं मला सरळ विचारलं, बाळंत होशील का? लिफ्टमध्ये सोसायटीतले एक मराठी गृहस्थ होते. त्यानंतर बरेच दिवस ते आम्हा दोघींना टाळून जिन्यानं जायचे.

पोट पट्ट्यांनी कमरेला बांधतात. आत बाहुली असते, तिची नाळ असते, रबरी वार असते आणि लाल पाण्याची पिशवी असते. वार म्हणजे प्लसेंटा, बाळाच्या मागून पडते ती. आमच्या मुलाला हा मराठी शब्द ठाऊक नाही. दिल्लीत वाढलेल्या पोरांचे असे कितीतरी शब्द वाटेत कुठे पडले ते कोणी मोजलेलं नाही. पोटावरून गाऊन, त्यावर चादर आणि चादरीखाली माझे दोन्ही हात. उजव्या हाताशी रक्ताच्या नळीची चावी, डाव्या हातात गर्भाशयाचा रबरी गोळा. मूठ सैल सोडली की गर्भाशय सैल, आवळली की टणक. बाळाला बाहेर ढकलायचं तेही मीच. म्हणजे बाळंतीण मी आणि तिचं नशीबही मीच. जन्मभर फायलींवर इतरांच्या सह्या घेत फिरलेल्या बाईला एवढा अधिकार एकदम मिळाला की जरा चढतोच.

नियम थोडे होते. दयामाया करायची नाही. समोरच्यांनी मदतीला हाक मारली, इंजेक्शन दिलं, पोट नीट चोळलं, सलाईन लावलं, तरच चावी हळूहळू बंद करायची. दुसरा नियम डॉक्टरणीच्या जिवाभावाचा होता: आमच्या खेळात बाळंतीण कधीही मरणार नाही. लोक शिकायला येतात, भाजून घ्यायला नाही, असं ती म्हणायची. आणि खेळ संपला की गोल बसून बोलायचं, त्यात सगळ्यांच्या आधी बोलणार ती बाळंतीण. काय चुकलं ते नाही, पडल्या पडल्या काय वाटलं ते तिनं सांगायचं.

मला ते पडून राहणं आवडायला लागलं होतं. डोळे अर्धे मिटले की ट्यूबलाइटचा उजेड पसरट व्हायचा, माणसांचे चेहरे त्यात विरघळायचे, आवाज दुरून, पाण्याखालून आल्यासारखे यायचे. कोणीतरी माझं मनगट धरलेलं असायचं. कोणीतरी कपाळावरचे केस मागे सारायचं. मी कण्हायचे, आणि कण्हता कण्हता मला खरोखर गुंगी यायची. चावी हातात आहे याचं भान तेवढं कुठेतरी बोटांच्या टोकाशी जागं असायचं.

ही गुंगी माझ्या ओळखीची होती. माझा मुलगा झाला तेव्हा मी झोपेत होते. ऐन वेळी घाईघाईनं सिझेरियन करावं लागलं, पूर्ण भूल दिली, आणि मी जागी झाले तेव्हा शेजारच्या पाळण्यात कोणीतरी हजर होतं. शुद्धीवर येताना मला म्हणे मुलगा झाल्याचं सांगितलं होतं, मी हो हो म्हटलं होतं आणि पुन्हा झोपले होते. मला त्यातलं काही आठवत नाही. आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीला आपण गैरहजर होतो, याचं मला मनातून कायम वाईट वाटत आलं आहे. हे बोलून कोणाला दाखवणार? पाळण्यात धडधाकट मुलगा असताना असली रड कोण ऐकून घेतं. पण रबरी पोट बांधून आडवी झाले की मी त्या राहून गेलेल्या दुपारी जाऊन यायचे, आणि परत यायला मला नको वाटायचं.

त्या वर्षीच्या थंडीत डॉक्टरणीला पानिपतहून बोलावणं आलं. आसपासच्या छोट्या सरकारी हॉस्पिटलांतल्या नर्सेस दोन दिवसांसाठी एका नर्सिंग स्कूलच्या हॉलमध्ये जमणार होत्या. आमच्याकडे नवऱ्याला विषयच मिळाला. मराठी माणसानं पानिपतला निघताना घरी नीट निरोप घ्यावा, असं म्हणत तो लिफ्टपर्यंत पोचवायला आला आणि माझ्या हातातलं पोट त्यानं स्वतः खाली गाडीत नेऊन ठेवलं.

हायवेवर धुकं इतकं होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. गाडी चालते आहे की उभी आहे हे कळत नव्हतं. पोट मांडीवर घेऊन मी खिडकीतून त्या पांढऱ्या नाहीपणाकडे बघत होते. डॉक्टरीण बोलत होती एका नर्सबद्दल. पानिपतच्याही पुढे, हायवे सोडून आत एक लहानसं हॉस्पिटल आहे, तिथल्या लेबर रूमची ही सिस्टर. तिचा हात फार चांगला, असं डॉक्टरीण म्हणाली, आणि ती असं सहसा कोणाबद्दल म्हणत नाही. पण गेल्या होळीच्या सुमारास तिच्या हातून एक बाई गेली. चूक तिची नव्हती, गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलला नेताना वाटेत गेली. तेव्हापासून सिस्टर म्हणते आहे की मला लेबर रूममधून काढा, लसीकरणाला बसवा, स्टोअर सांभाळायला द्या, काहीही करा. वरच्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाका, असं तिनं डॉक्टरणीलाच फोन करून सांगितलं होतं.

मी म्हटलं, टाक की मग शब्द. माणूस थकतो.

डॉक्टरीण म्हणाली, "अगं, ती गेली तर तिथे दुसरं कोणी नाही. त्या गावांतल्या बायका मग या रस्त्यावर बाळंत होतील."

मी रस्त्याकडे पाहिलं. धुक्यातून एक ट्रॅक्टर निघाला आणि पुन्हा धुक्यात गेला.

हॉलमध्ये शाल, स्वेटर, कानटोप्या घातलेल्या बायका बसल्या होत्या आणि चहाच्या वाफा निघत होत्या. ती सिस्टर मी कोणी सांगण्याआधीच ओळखली. चाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत वर चढवलेलं. सगळ्यांत मागे, दाराजवळ बसली होती. डॉक्टरणीनं मुद्दाम पहिल्याच खेळाला तिला पुढे बोलावलं. ती आली. टेबलाशी उभी राहून तिनं आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग माझ्या पोटाला हात लावला. रबरी पोटाला. मी पुष्कळ नर्सेसच्या हातून बाळंत झाले होते, पण हे कोणी केलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. मी कळा द्यायला लागले. ती माझ्यापेक्षा चांगली वीस वर्षांनी लहान, पण मला बेटा म्हणत होती, शाबाश म्हणत होती, आणि मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. बाहुली बाहेर आली. तिनं ती पुसून मागच्या टेबलावर दुसऱ्या नर्सकडे दिली. बाहुली रडत नाही. बाळ ठीक आहे हे त्या दुसऱ्या नर्सनं मोठ्यांदा बोलायचं असतं. ती बोलायला विसरली. मी विचारलं, क्या हुआ? सिस्टर म्हणाली, आराम से लेटी रह. मी चावी उघडली. लाल पाणी सुरू झालं, थंडीत बर्फासारखं मांड्यांखाली साचायला लागलं. मी पुन्हा विचारलं. अभी बताते हैं, ती म्हणाली.

तिचे हात सगळं बरोबर करत होते. हाक मारली, इंजेक्शन झालं, सलाईनची दुसरी लाइन लागली, नाळ हलक्या हातानं ओढून वार बाहेर काढायचं काम सुरू झालं. पण तोंड घट्ट मिटलेलं. मी डोळे अर्धे मिटून वर बघत होते. हळूहळू हॉल नाहीसा झाला. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या पट्ट्यात मी एकटी तरंगत होते आणि माझ्या पाठीमागे, जिथे मला वळून बघता येत नव्हतं तिथे, माझं बाळ होतं आणि त्याच्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज मला ओळखू आला नाही. कोणी उत्तर दिलं नाही. मग मला कळलं की ते मेलं आहे. नाटकात कळतं तसं नाही. खऱ्या आईला कळावं तसं कळलं. सरावानं माझी मूठ आवळली गेली, चावी बंद झाली, आणि डॉक्टरणीनं टाळी वाजवून सांगितलं की बस, बाई वाचली.

गोल करून बसलो. आधी बाळंतीण. मी म्हटलं की मला वाटलं बाळ मेलं, म्हणून कोणी सांगत नाही. एवढं बोलताना माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला, कारण कजाग सासूचं काम करणारी बाई अशी रडत नसते. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक तरुण नर्स सहज म्हणाली, हमारे यहाँ बताते ही नहीं जी, जब तक आंवल ना आ जाए. आंवल म्हणजे वार.

मग हळूहळू उलगडा झाला. मुलगी झाली की वार पडेपर्यंत आईला सांगायचं नाही. ऐकून तिला धक्का बसतो, वार वर चढते, आतच राहते, रक्त जातं. हे त्यांना कोणी शिकवलं? कोणीच नाही. मोठ्या सिस्टर करायच्या, त्यांच्या आधी दाया करायच्या. आणि मुलगा झाला तर? मुलगा झाला तर लगेच सांगतात. मला राहवलं नाही. मी म्हटलं की मग तुम्ही गप्प राहिलात की बाईला कळतंच ना, लपवलं काय तुम्ही? बाहुली तर ना मुलगा ना मुलगी. तरी सिस्टर गप्प राहिली होती, म्हणजे तिच्या हातात त्या वेळी मुलगीच आली होती.

आमच्याकडे असलं काही नसतं, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आठवलं की माझ्या बाळंतपणानंतर घरी पेढे वाटले होते आणि मुलगी झाली असती तर बर्फी वाटली असती. तोंड मिटून बसले.

डॉक्टरीण शांतपणे समजावत होती की वारेला कान नसतात, तिला मुलगा-मुलगी कळत नाही, आणि घाबरलेल्या बाईला न सांगण्यानं तिची भीती वाढते, कमी होत नाही. वह्यांत सगळ्या लिहून घेत होत्या. सिस्टर मात्र मधेच उठून बाहेर गेली.

चहाच्या वेळी ती मला अंगणात सापडली. धुकं विरून फिकट ऊन पडलं होतं. वाळत घातलेल्या चादरींच्या ओळींमध्ये ती पाठ करून उभी होती. मी नुसती शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्या गाऊनवर लाल डाग तसेच होते, त्यांच्याकडे बघत ती बोलायला लागली. त्या होळीच्या वेळची बाई. आधीच्या दोन मुली, ही तिसरीही मुलगी. सिस्टरनं नेहमीसारखंच सांगितलं नाही. वार येईना, रक्त थांबेना, मग गाडी बोलावली, आणि सिस्टर स्वतः तिच्याबरोबर गाडीत बसली. पोटावरचा हात तिनं वाटभर काढला नाही. ती बाई विचारत राहिली. सिस्टर म्हणत राहिली, पहले तू ठीक हो जा, फिर बताऊँगी. मोठं हॉस्पिटल यायच्या आत तिचं विचारणं थांबलं.

"लड़की समझके गई," सिस्टर म्हणाली, "या मरी हुई समझके गई, मुझे ये भी नहीं पता."

मुलीचं काय झालं, एवढंच मी विचारलं. ती आहे, म्हणाली, आजीकडे असते. टीके के दिन, म्हणजे लसीच्या दिवशी, आजी तिला घेऊन येते, त्या दिवशी ही स्टोअरचं दार लावून आत बसते. मग ती म्हणाली की उद्या मला त्या टेबलाशी उभं करू नका, डॉक्टर मॅडमना तुम्ही सांगा. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी गेस्ट हाउसवर मी डॉक्टरणीशी भांडले. तिला म्हटलं की तुला एवढं माहीत होतं तर पहिल्याच खेळाला तिला कशाला ओढलंस, हा काय शिकवण्याचा प्रकार झाला? डॉक्टरीण म्हणाली की बाई गेली एवढंच तिला माहीत होतं, हे न सांगण्याचं तिला आज माझ्यामुळे कळलं. मग ती पलंगाच्या कडेवर बसली. तिनंही नोकरीत कितीतरी वर्षं हे ऐकलं असेल, बघितलं असेल, आणि कधी विचारलं नसेल, असं काहीतरी ती स्वतःशीच म्हणाली. उद्या सिस्टरला बोलवायचं नाही असं आमचं ठरलं. आणि फोनवर मागितलेला शब्दही साहेबांकडे टाकायचा, असंही तिनं ठरवून टाकलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डोळ्यांपुढे सकाळचा तो पांढरा रस्ता येत राहिला.

दुसऱ्या दिवशी धुकं हॉलच्या खिडक्यांपर्यंत आलं होतं. आत सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं, माणसंसुद्धा. मी पोट बांधून आडवी झाले. डॉक्टरणीनं दोन नावं घेतली, दोघी पुढे आल्या. आणि मग मला चोळले जाणारे तळवे ऐकू आले. डोळे उघडून बघते तर सिस्टर. तिला कोणी बोलावलं नव्हतं. घड्याळ कोपरापर्यंत चढवून ती माझ्या पायांशी उभी होती आणि पुढे आलेल्या दोघींना एक इंजेक्शनपाशी, एक बाळापाशी, असं कामाला लावत होती. डॉक्टरणीनं तिला अडवलं नाही. मी कळा द्यायला सुरुवात केली.

बाळ तिच्या हातात आलं. तिनं ते पुसलं, आणि मागच्या टेबलाकडे न देता सरळ माझ्या छातीवर ठेवलं, त्याच्यावर चादर ओढली. वार अजून आत होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लड़की है," ती म्हणाली. "सुन, तेरे लड़की हुई है. ज़िंदा है. बिल्कुल ठीक है."

माझं काम मला करायचं होतं. मी मूठ सैल सोडली आणि चावी उघडली. ती कामाला लागली, पण आज तिचा आवाज थांबला नाही. खून ज़्यादा जा रहा है, मैं रोक रही हूँ. हाथ भारी लगेगा, सह ले. इंजेक्शन, सलाईन, हाक, सगळं त्या आवाजाच्या आतच होत होतं. नाळ ओढली गेली, वार बाहेर आली, तिनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि पूर्ण आहे म्हणून मलाच सांगितलं. मग एक हात पोटावर गोल गोल फिरायला लागला. मी डोळे मिटले होते. छातीवर बाहुलीचं वजन होतं. आपण झोपलेलो नाही, आपल्याला कळलं आहे, एवढंच माझ्या मनात होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी कोण, कुठली, किती वर्षांची, हे सगळं वाहून गेलं.

आता चावी बंद करायला हवी होती. तिनं सगळं बरोबर केलं होतं, नियमाप्रमाणे माझी मूठ आवळायला हवी होती. पण ती अजून बोलत होती, आणि बोलणं बदललं होतं.

पकड़के खड़ी होने लगी है, ती म्हणत होती. नीचे के दो दाँत आ गए. तेरी बड़ी वाली उसको कमर पे टाँगे फिरती है, उतारती ही नहीं. टीके में रोती है, पर जल्दी चुप हो जाती है. आजीला खोकला आहे पण आजी धडधाकट आहे. लाल टोपी घालून आणते तिला. हे सगळं ती त्या बंद स्टोअरच्या फटीतून, खिडकीतून, एवढे महिने बघत आली होती. पुढे आलेल्या दोघी नर्सेस हात थांबवून उभ्या राहिल्या. डॉक्टरणीनं टाळी वाजवली नाही.

माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. नाटकात लिहिलेलं असतं, इथे काहीच लिहिलेलं नव्हतं. आईनं काय विचारलं असतं? मी विचारलं, "नाम क्या रखा?"

सिस्टरचा हात पोटावर थांबला. मग ती वाकली, अगदी माझ्या कानाशी आली आणि तिनं नाव सांगितलं. मी मूठ आवळली. चावी बंद झाली.

गोल करून बसलो. डॉक्टरणीनं नेहमीप्रमाणे आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नुसतं डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आज मला त्याचा राग आला नाही. सिस्टर म्हणाली की इनको रहने दीजिए. ती कोणाकडे न बघता डॉक्टरणीला म्हणाली की मैडम, वो जो फ़ोन पर बोला था साहब को कहने के लिए, वो मत कहिए. आज रात को मेरी ड्यूटी है. मग तिनं शाल घेतली, सगळ्यांना नमस्ते केलं, आणि तिला बस धरायची होती म्हणून ती चहा न घेताच निघाली.

परतीच्या रस्त्यावर धुकं उठलं होतं. दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं दिसत होती. पोट आमच्या दोघींच्या मध्ये सीटवर ठेवलेलं होतं. बऱ्याच वेळानं डॉक्टरणीनं विचारलं, कानात काय सांगितलं गं तिनं? मी म्हटलं, मुलीचं नाव. काय आहे, तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. घरी नवऱ्यालाही मी ते सांगितलेलं नाही. इथेही लिहीत नाही. ते मला सांगितलेलं नव्हतं.